छापखान्यातील संगणक विंडोज ११ वर न्यावेत का?

खिळाजुळारी (धागालेखक)

नमस्कार. सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आमचा छोटा छापखाना आणि डीटीपी केंद्र आहे. लग्नपत्रिका, बिलबुके, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, शाळांच्या स्मरणिका आणि दोन दिवाळी अंक ही आमची मुख्य कामे. कार्यालयातील सहाही संगणक विंडोज १० वर चालतात. विंडोज १० ला मिळणारी मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. ही तारीख नेमकी दिवाळीच्या तोंडावर आल्यामुळे, अंकांचे शेवटचे फर्मे यंत्रावर असताना एकाही संगणकाला हात लावायचा नाही असे आम्ही ठरवले होते. आता हंगाम सरला आहे आणि निर्णय घ्यावाच लागणार आहे.

संगणकांची स्थिती अशी आहे. हिशेबाचा संगणक २०१९ मध्ये घेतलेला असून त्यावर टॅली, जीएसटीची विवरणपत्रे आणि बँकेचे व्यवहार चालतात. पाने लावण्यासाठी दोन संगणक आहेत; त्यांपैकी एक २०२१ चा आहे, तर दुसऱ्यात इंटेलचा सहाव्या पिढीचा आय५ प्रोसेसर आहे. चौथ्या संगणकाला ए३ लेझर प्रिंटर जोडलेला असून त्यावरून ट्रेसिंग (छपाईची प्लेट करण्यासाठीचे अर्धपारदर्शक कागदावरील पान) निघते. पाचवा सर्वांत जुना आहे. त्यावर ३२ बिटची विंडोज १०, पाने लावण्याचा जुना प्रोग्राम पेजमेकर ७, लॉक (संगणकाला जोडायची परवान्याची छोटी किल्ली) लावल्यावरच चालणारे जुने मराठी फॉन्ट आणि फॉक्सप्रोमध्ये लिहिलेली ग्राहकांची नोंदवही आहे. सहावा दर्शनी टेबलावर असतो. ग्राहकांच्या ईमेल, व्हॉट्सअॅपवरचा मजकूर आणि त्यांनी आणलेले पेन ड्राइव्ह तोच हाताळतो.

एका विक्रेत्याने सहाही संगणक सरसकट बदलण्याचा सल्ला दिला आहे. दुसऱ्या एका तंत्रज्ञाने, अट पूर्ण होत नसली तरी सहाही संगणकांवर विंडोज ११ घालून देतो, असे सांगितले आहे. या दोन्ही सल्ल्यांत आमच्या कामाविषयी एकही प्रश्न कोणी विचारला नाही, याचे मला नवल वाटले. ज्यांनी छापखाना, प्रकाशन किंवा तत्सम कार्यालयात हा बदल केला आहे, त्यांनी आपला अनुभव सविस्तर लिहावा, ही विनंती.

तारजोडणी

मी नाशिकमध्ये लहान कार्यालयांचे संगणक आणि नेटवर्क सांभाळतो. आपण प्रत्येक संगणकाचे काम वेगळे सांगितलेत, हे फार बरे केलेत. या प्रश्नाला संपूर्ण कार्यालयासाठी मिळून एकच उत्तर असू शकत नाही.

आधी पात्रतेचे पाहू. विंडोज ११ साठी ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण एवढ्यावर भागते, असे कागदावर लिहिलेले आहे. प्रत्यक्ष पानांच्या मांडणीसाठी १६ जीबी रॅम आणि एसएसडी नसेल तर त्या वाटेला जाऊ नये, असे माझे मत आहे. खरी अट प्रोसेसरची आणि टीपीएम २.० या सुरक्षा चिपची आहे. इंटेलची आठवी पिढी किंवा एएमडीची रायझन २००० मालिका आणि त्यापुढचे प्रोसेसर, काही मोजके अपवाद सोडता, अधिकृत यादीत आहेत. म्हणजे आपला २०१९ चा आणि २०२१ चा हे दोन संगणक बहुधा पात्र ठरतील, सहाव्या पिढीचा ठरणार नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मायक्रोसॉफ्टच्या तपासणी प्रोग्रामने "अपात्र" असे सांगितले की अनेक जण थेट नवीन संगणक घ्यायला निघतात. प्रत्यक्षात पुष्कळ मदरबोर्डांमध्ये ही सोय असते, पण बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंग्जमध्ये, बंद ठेवलेली असते. इंटेलच्या बोर्डावर ती पीटीटी या नावाने आणि एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम या नावाने सापडते. त्याचप्रमाणे विंडोज जुन्या लेगसी पद्धतीने बसवलेली असेल, तर डिस्कची रचना जुन्या एमबीआर पद्धतीतून नव्या जीपीटी पद्धतीत बदलून यूईएफआय, म्हणजे संगणक सुरू होण्याची नवी पद्धत, चालू करावी लागते. त्यासाठी विंडोजमध्येच एमबीआर२जीपीटी नावाचे साधन असून त्यात माहिती पुसली जात नाही, तरीही संपूर्ण डिस्कची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढल्याशिवाय मी ते कधीही चालवत नाही.

अट चुकवून विंडोज ११ बसवता येते, हे खरे आहे. मात्र अशा संगणकाला अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. शिवाय विंडोज ११ च्या होम आणि प्रो आवृत्त्यांचे प्रत्येक वार्षिक रूप २४ महिनेच सांभाळले जाते. त्यामुळे हा खेळ एकदाच खेळून संपत नाही. पुढच्या प्रत्येक मोठ्या अपडेटच्या वेळी तो पुन्हा मांडावा लागतो. २४एच२ या आवृत्तीपासून तर फार जुने प्रोसेसर, ज्यांच्यात पॉपसीएनटीसारख्या आज्ञाच नाहीत, ते सुरूच होत नाहीत. घरच्या संगणकावर कोणी हौसेने असे करत असेल तर माझी हरकत नाही. ज्यावर दुसऱ्याचे काम वेळेत द्यायचे आहे, त्या संगणकावर मी हे करणार नाही.

सावकाश

मी थोडे वेगळे मत मांडतो. माझे फ्लेक्स आणि स्टिकरचे काम आहे. आमच्याकडील कटरला जोडलेला संगणक आजही विंडोज ७ वर आहे आणि त्या विंडोज ७ चा पाठिंबा १४ जानेवारी २०२० रोजी संपला. तेव्हापासून कटरच्या कामात एकदाही खंड पडलेला नाही. अपडेट थांबली म्हणून दुसऱ्या दिवशी संगणक बंद पडत नाही. उलट अपडेट झाल्यानंतर प्रिंटर ओळखला गेला नाही, अशा तक्रारी मी अनेकदा ऐकल्या आहेत. लहान छापखान्यातील लग्नपत्रिका चोरून कोणाला काय मिळणार आहे? व्यवस्थित चालणारी यंत्रणा केवळ एका कंपनीच्या वेळापत्रकासाठी मोडावी, हे मला पटत नाही.

ताळेबंद

सावकाश यांच्या म्हणण्यातील अर्धा भाग मला मान्य आहे. चालते यंत्र कारणावाचून मोडू नये. मात्र "आमच्याकडे चोरण्यासारखे काय आहे" या युक्तिवादाला माझी गंभीर हरकत आहे.

जून २०१७ मध्ये नॉटपेट्या नावाचा घातक प्रोग्राम पसरला. त्याची सुरुवात युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून झाली होती. तेथून तो मर्स्क या जहाज कंपनीच्या जाळ्यात शिरला आणि आपल्या जवाहरलाल नेहरू बंदरातील, म्हणजे न्हावा शेवा येथील, त्याच समूहाच्या टर्मिनलचे काम ठप्प झाले. त्या टर्मिनलकडे कोणी ठरवून पाहिले नव्हते. असे प्रोग्राम माणूस निवडत नाहीत, उघडे दार निवडतात. त्याच्या आदल्या महिन्यात, मे २०१७ मध्ये, वॉनाक्राय नावाचा तसाच प्रोग्राम पसरला. ज्या त्रुटीतून तो आत येत होता, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती किंवा ज्यांच्या विंडोजला ती मिळणेच बंद झाले होते, त्यांचे संगणक कुलूपबंद झाले. एकाच नेटवर्कवरील संगणक एकामागून एक जाणे, हे या दोन्ही प्रकरणांतील खरे संकट होते. आपल्या छापखान्यात पतसंस्थेच्या सभासदांच्या याद्या आणि शाळांच्या विद्यार्थ्यांची नावे-पत्ते येतात. ती आपली मालमत्ता नाही. विश्वासाने दिलेली ठेव आहे.

आता हिशेबाविषयी. मी पुण्यात एका सनदी लेखापालांच्या कार्यालयात काम करते. हिशेबाचा संगणक सर्वांत आधी हलवावा, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण बँक आणि डिजिटल सही दोन्ही त्याच्यावर आहेत. डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर टोकनच्या उत्पादकाच्या संकेतस्थळावरून घेतलेला असावा, आणि जीएसटीच्या पोर्टलसाठी लागणारा सहीचा प्रोग्राम पुन्हा बसवून एकदा प्रत्यक्ष सही करून पाहावी. हे काम महिन्याच्या ११ ते २० तारखांच्या आसपास काढू नये, कारण मासिक विवरणपत्रे भरणाऱ्यांची जीएसटीआर-१ ची मुदत ११ तारखेला आणि ३बी ची २० तारखेला असते. मार्चअखेर आणि सप्टेंबरअखेर तर विचारच करू नये.

ऑफिस २०१६ किंवा २०१९ वापरत असाल, तर त्यांचाही पाठिंबा विंडोज १० बरोबर त्याच दिवशी संपला आहे, हे अनेकांच्या लक्षातच आलेले नाही. विंडोज बदलली आणि ऑफिस तेच राहिले, तर एक दार लावून दुसरे उघडे ठेवल्यासारखे होईल. अनोळखी माणसाने ईमेलने पाठवलेली वर्ड किंवा एक्सेलची फाइल आपण दररोज उघडतो, म्हणून हे अधिक महत्त्वाचे.

विंडोज १० च्या सुरक्षा अपडेटच्या मुदतवाढीविषयी लोकांत बराच गैरसमज दिसतो. मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेटची योजना जाहीर केली. तिच्यासाठी विंडोज १० ची २२एच२ ही शेवटची आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्टचे खाते लागते. ती व्यवसायासाठी नाही. व्यवसायासाठीची योजना निराळी असून तिचा दर पहिल्या वर्षी प्रत्येक संगणकामागे ६१ डॉलर, दुसऱ्या वर्षी त्याच्या दुप्पट आणि तिसऱ्या वर्षी पुन्हा दुप्पट असा ठेवलेला आहे. शिवाय दुसऱ्या वर्षी सामील होणाऱ्याला पहिल्या वर्षाचेही पैसे भरावे लागतात. एखाद्या संगणकासाठी एक वर्ष विकत घेणे समजू शकते. तीन वर्षांची बेरीज केली, तर ४२७ डॉलर होतात आणि त्या पैशांत हिशेबाच्या कामाचा चांगला संगणक येतो.

अनुस्वार

या चर्चेत ज्याचा उल्लेख ओझरता झाला, तो माझ्या दृष्टीने मुख्य विषय आहे, तो म्हणजे पाचवा संगणक. मी मराठी मजकुराच्या अक्षरजुळणीचे आणि जुन्या फाइली युनिकोडमध्ये (कोणत्याही संगणकावर वाचता येणाऱ्या सामायिक अक्षरसंकेतनात) आणण्याचे काम करते, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

विंडोज ११ ची ३२ बिट आवृत्तीच नाही. याचे दोन परिणाम होतात आणि दोन्ही आपल्याला थेट लागू आहेत. पहिला असा की, ३२ बिटच्या विंडोज १० मध्ये डॉसचे आणि १६ बिटचे प्रोग्राम चालवणारी सोय होती, ती ६४ बिटच्या कोणत्याही विंडोजमध्ये नाही. आपली फॉक्सप्रोची नोंदवही डॉसमधील असेल, तर ती विंडोज ११ वर उघडणार नाही. डॉसबॉक्ससारख्या प्रोग्रामात ती चालवून पाहता येईल, पण त्याहून चांगला मार्ग म्हणजे तिच्यातील डीबीएफ फाइली आत्ताच एक्सेल किंवा लिबरऑफिसमध्ये उघडून त्यांची प्रत करून ठेवणे; ग्राहकांची नावे देवनागरीत असतील, तर ती कोणत्या संकेतनात आहेत हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.

दुसरा परिणाम लॉकचा आहे. लॉकचा जुना ३२ बिट ड्रायव्हर ६४ बिट विंडोजमध्ये बसत नाही. नवा ६४ बिट ड्रायव्हर मिळाला तरी तो बऱ्यापैकी अलीकडचा असावा लागतो, कारण नव्याने बसवलेल्या विंडोज ११ मध्ये कोअर आयसोलेशनखालील मेमरी इंटेग्रिटी हे संरक्षण बहुतेक संगणकांवर आपोआप चालू असते आणि ते जुने ड्रायव्हर अडवते. लॉक पॅरलल पोर्टचा असेल, तर यूएसबीचे कन्व्हर्टर लावून तो चालेल अशी आशा ठेवू नये. फॉन्टच्या कंपनीकडे लॉकचा क्रमांक कळवून त्याच्या बदली नवीन आवृत्ती मिळते का, हे लेखी विचारावे.

मात्र माझ्या मते यापेक्षाही गंभीर प्रश्न त्या संगणकात साठलेल्या मजकुराचा आहे. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर खऱ्या अर्थाने मराठी मजकूर नसतो; रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात. तो फॉन्ट काढला की पान कोणालाही वाचता येत नाही. पेजमेकर ७ हा २००१ चा. त्याच्या फाइली इनडिझाइनच्या सीएस६ पर्यंतच्या आवृत्त्या उघडत होत्या, नंतरच्या उघडत नाहीत. म्हणजे सहकारी संस्थांचे पंचवीस वर्षांपूर्वीचे अहवाल, बंद पडलेल्या स्थानिक अंकांची पाने, गावच्या यात्रेच्या स्मरणिका, असे बरेच काही या महाराष्ट्रात केवळ तालुक्याच्या छापखान्यांतील जुन्या संगणकांवर शिल्लक आहे, आणि ते वाचण्याचा रस्ता दरवर्षी अरुंद होत चालला आहे. अपग्रेडच्या गडबडीत ती डिस्क फॉरमॅट झाली, तर त्या गावाच्या लिखित इतिहासातील एक भाग कायमचा जाईल. मला याची खरोखर काळजी वाटते.

म्हणून माझी विनंती अशी की, त्या संगणकाचे काय करायचे ते नंतर ठरवा, आधी त्यातील प्रत्येक फाइलची, फॉन्ट एम्बेड केलेली, म्हणजे फॉन्ट आतच सामावलेली, पीडीएफ काढा. फॉन्टच्या फाइली, प्रोग्रामची मूळ सीडी, अनुक्रमांक आणि लॉक एका जागी ठेवा. त्यानंतर महत्त्वाचा मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा आणि तो डोळ्यांखालून घाला. कन्व्हर्टर नेहमी ठरावीक ठिकाणी अडखळतात: रफार एक अक्षर अलीकडे किंवा पलीकडे जातो, "ऱ्या" मधील अर्धा र तुटतो, "ॲ" च्या जागी "अ‍ॅ" येतो. दिसायला सारखे असले तरी संगणकाच्या दृष्टीने ते निराळे शब्द असतात आणि पुढे शोध घेताना निम्मे सापडत नाहीत.

युनिकोडमध्ये काम करणाऱ्या संगणकांवरही एक अडचण येते. नव्याने बसवलेल्या विंडोज १० किंवा ११ मध्ये मंगल हा फॉन्ट सुरुवातीला नसू शकतो. तो देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स या ऐच्छिक संचात गेला आहे, कोकिळा आणि अपराजिता हेही त्यातच आहेत. तो नसला तर मंगलमध्ये तयार केलेली वर्डची फाइल निर्मला यूआयमध्ये उघडते, अक्षरांची रुंदी बदलते, ओळी सरकतात आणि चाळीस पानांचा अहवाल एकेचाळीस पानांचा होतो. सेटिंग्जमधील ऑप्शनल फीचर्समधून हा संच एकदा घेतला की प्रश्न मिटतो.

किनारा

मी रत्नागिरी जिल्ह्यातील एका शाळेत संगणक शिकवतो. दर्शनी टेबलावरील सहाव्या संगणकावर ईमेल, व्हॉट्सअॅप वेब आणि पीडीएफ पाहणे एवढेच काम असेल, तर त्यावर विंडोजऐवजी उबुंटू किंवा लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग प्रणाली घालण्याचा विचार अवश्य करावा. उबुंटू २४.०४ ला २०२९ पर्यंत पाठिंबा आहे, युनिकोड मराठी उत्तम दिसते, इनस्क्रिप्ट कळफलक तयार मिळतो आणि आमच्या प्रयोगशाळेतील विंडोज ११ साठी अपात्र ठरलेले संगणक त्यावर समाधानकारक चालतात. टॅली आणि अॅडोबीची कामे मात्र त्यावर नेण्याचा आग्रह मी धरणार नाही.

खिळाजुळारी

सर्वांचे मनापासून आभार. अनुस्वारताई, आपला प्रतिसाद मी वडिलांना वाचून दाखवला. खिळे जुळवण्याच्या काळापासून ते या व्यवसायात आहेत. पाचव्या संगणकावरील जुन्या फाइलींची यादी करायला ते स्वतः बसले असून, कोणती स्मरणिका कोणत्या साली छापली हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नाही.

दरम्यान तारजोडणीसाहेबांच्या सूचनेप्रमाणे २०२१ च्या संगणकाच्या डिस्कची पूर्ण प्रत काढून त्यावर विंडोज ११ प्रो बसवून पाहिली. प्रोग्राम आणि फाइली जशाच्या तशा राहिल्या, इनडिझाइन चालले, ए३ प्रिंटरचा नवा ड्रायव्हरही मिळाला. अडचण अनपेक्षित ठिकाणी आली. आमचे जुने कॉपिअर यंत्र स्कॅन केलेली पाने नेटवर्कवरून या संगणकाच्या एका फोल्डरमध्ये टाकत असे, ते बंद झाले. पासवर्ड बरोबर असूनही यंत्र जोडणी अयशस्वी असल्याचे दाखवते. बाकीच्या विंडोज १० संगणकांवर तेच स्कॅन व्यवस्थित जाते. सेवा केंद्राच्या माणसाने यंत्र बदलण्याचा सल्ला दिला. यावर दुसरा काही उपाय आहे का?

तारजोडणी

यंत्र बदलू नका. विंडोज ११ च्या २४एच२ पासून प्रो आवृत्तीत नेटवर्कवरील फाइलींच्या देवाणघेवाणीला, म्हणजे एसएमबीला, सही केलेलीच (प्रत्येक संदेशावर खात्रीची डिजिटल खूण असलेली) जोडणी लागते. पलीकडच्या यंत्राला अशी सही करता येत नसेल, तर विंडोज ते नाकारते. नाव आणि पासवर्डशिवाय पाहुणा म्हणून उघडल्या जाणाऱ्या जुन्या साठवण पेट्याही याच आवृत्तीपासून अशाच अडतात. ही अट आज्ञा देऊन बंद करता येते आणि बरेच तंत्रज्ञ तसेच करून मोकळे होतात, परंतु ज्या सुरक्षेसाठी आपण हा सगळा खटाटोप करत आहोत तीच त्यामुळे कमी होते.

आधी कॉपिअरच्या उत्पादकाकडे नवीन फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आतील सॉफ्टवेअर, आहे का पाहा. ते बसवल्यावर पुष्कळ यंत्रांना सही जमू लागते. नसेल तर स्कॅन यूएसबीवर किंवा ईमेलवर पाठवण्याची सोय वापरा. एसएमबी१ ही जुनी पद्धत चालू करण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मुळीच मानू नका. वर वॉनाक्रायचा उल्लेख आला आहे. तो याच पद्धतीच्या दारातून आला होता.

आणखी एक सांगायचे राहिले होते. विंडोज ११ अगदी नव्याने बसवून मायक्रोसॉफ्टच्या खात्याने सुरू केली, तर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट (किल्लीशिवाय वाचता न येणारी) होऊ शकते आणि तिची किल्ली त्या खात्यात जमा होते. तंत्रज्ञाने घाईत स्वतःचे खाते वापरले, तर आपल्या डिस्कची किल्ली त्याच्याकडे राहते आणि बायोसमध्ये काही बदल झाल्यावर संगणक ती किल्ली मागत बसतो. खाते छापखान्याच्या नावाचे असावे आणि किल्ली छापून तिजोरीत ठेवावी.

सावकाश

ताळेबंद यांचा मुद्दा मला पटला. आमच्या कटरचा संगणक इतकी वर्षे सुरळीत चालण्याचे कारण, विचार करता, हेच दिसते की त्याला कधी इंटरनेट जोडलेलेच नव्हते. खिळाजुळारी यांच्या पाचव्या संगणकालाही तेच लागू करता येईल. प्रश्न एवढाच उरतो की, त्यावरील काम बाहेर काढताना आणि त्यावर नेताना पेन ड्राइव्ह वापरावा लागणार. त्यातून धोका येत नाही का?

तारजोडणी

येतो, म्हणून नियम कडक ठेवावा लागतो. नेटवर्कची तार काढावी आणि वायफायचे कार्ड असेल तर तेही काढून ठेवावे. केवळ सेटिंग्जमधून बंद केलेले वायफाय कोणीतरी कधीतरी चालू करतो. त्या संगणकासाठी एकच पेन ड्राइव्ह राखून ठेवावा, ग्राहकांचा पेन ड्राइव्ह त्याला कधीही लावू नये. बाहेर शक्यतो पीडीएफच यावी. आत काही न्यायचे असेल, तर ते आधी अपडेट मिळणाऱ्या संगणकावर तपासून घ्यावे. त्या डिस्कची पूर्ण प्रत मात्र आजच काढा, कारण इतक्या जुन्या हार्ड डिस्कला व्हायरसची गरज लागत नाही, ती स्वतःहून जाते.

खिळाजुळारी

निर्णय झाला आहे, तो येथे नोंदवतो. हिशेबाच्या संगणकाचे टीपीएम बायोसमध्ये बंद होते. ते चालू केल्यावर तो पात्र ठरला. ३बी भरून झाल्यानंतर तो विंडोज ११ वर जाईल, ऑफिसही बदलले जाईल. दर्शनी टेबलावर ग्राहकांच्या फाइली सर्वांत आधी येतात, म्हणजे खरा धोका तेथेच आहे, हे या चर्चेमुळे उमगले; तेथे सहाव्या पिढीचा आय५ लिनक्स मिंट घालून ठेवणार आहोत आणि आतापर्यंतचा दर्शनी संगणक सुट्या भागांसाठी राहील. पाने लावण्यासाठी एक नवीन संगणक घ्यावा लागेल, त्याला इलाज नाही. ट्रेसिंगचा प्रिंटर २०२१ च्या संगणकाला जोडून चौथा संगणक नेटवर्कबाहेर काढला जाईल. पाचव्याची डिस्क दगावलीच, तर तिची प्रत त्याच्यावर चालते का, हे आम्ही त्यावर तपासणार आहोत. म्हणजे सहा संगणकांऐवजी एकच विकत घ्यावा लागतो. हे सर्व गणपतीपूर्वी आटोपायचे आहे, कारण यंदा लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे आणि अंकांचे काम सुरू झाल्यावर पुन्हा कशालाही हात लावता येणार नाही.

अनुस्वारताईंना एकच प्रश्न. पीडीएफ काढताना काही जुन्या पानांत जोडाक्षरे गळत आहेत. पडद्यावर आणि ट्रेसिंगवर मात्र ती बरोबर येतात. असे का होत असावे?

अनुस्वार

फॉन्ट पूर्ण एम्बेड झालेला नसावा. पीडीएफमध्ये डॉक्युमेंट प्रॉपर्टीज उघडून फॉन्टच्या यादीत प्रत्येक नावापुढे एम्बेडेड असे लिहिले आहे का, ते आधी पाहा. नसेल, तर पीडीएफ करतानाच्या पर्यायांत सर्व फॉन्ट एम्बेड करण्याची खूण करा आणि तेच पान पुन्हा काढा. फॉन्टच्या परवान्यामुळे एम्बेड होणे अडत असेल, तर ते पान ट्रेसिंगऐवजी साध्या पांढऱ्या कागदावर छापून ६०० डीपीआयला स्कॅन करून ठेवा. शोध घेता येणार नाही, पण पान जसेच्या तसे टिकेल. वडिलांनी केलेल्या यादीत छपाईचे साल आणि संस्थेचे नाव आहेच. फाइलीचे नाव त्याच क्रमाने द्या, म्हणजे पुढे युनिकोडमध्ये आणताना कोणती स्मरणिका आधी घ्यायची हे ठरवणे सोपे जाईल. एखादे नमुन्याचे पान येथे लावलेत, तर कोणते कन्व्हर्टर त्या फॉन्टला लागू पडते ते मी पाहून सांगते.